दिवसा फूल, रात्री पान

पहाटे 5.30

श्रावणात उजाडायच्या आत वाफ्यांवर जायचं हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. एका हातात बॅटरी, दोन्ही हातांत रबरी मोजे, मागे साबणाच्या पाण्याची बादली. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची लहानशी नर्सरी आहे. घरोघरच्या बागा लावून द्यायच्या आणि त्यांना लागणारी रोपं इथे वाढवायची, हे माझं काम.

काल संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यांच्या कडेने अंथरली होती. ती आता एकेक करून उलटायची. रात्रभर चरून झाल्यावर गोगलगायी सावली आणि ओल शोधतात आणि गोणपाटाखाली जमतात. आज सव्वीस निघाल्या. वीस शंखाच्या, सहा बिनशंखाच्या. बिनशंखाची म्हणजे ती चपटी, काळपट, चामड्याच्या तुकड्यासारखी दिसणारी, जिच्या पाठीवर मधोमध फिकट रेघ असते. दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. मोठी शंखी गोगलगाय 1847 साली विल्यम बेन्सन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने मॉरिशसहून कोलकात्यात आणली आणि तिथल्या बागेत ती सोडली गेली. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात उगवतं सोयाबीन तिने फस्त केलं तेव्हा महाराष्ट्राला तिची खरी ओळख झाली.

वाफ्याच्या कोपऱ्यात माती भुसभुशीत लागली म्हणून खुरप्याने उकरली. खाली अंडी होती, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, पिवळसर. एकेक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालू शकते. म्हणून एक घड सापडला तरी सकाळ सत्कारणी लागली असं मी मानते.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. पण जिने ती पहिल्यांदा म्हटली असेल तिने गोगलगाय नीट पाहिली असणार. प्राणिशास्त्रात या वर्गाचं मराठी नावच उदरपाद आहे. पोट हाच पाय.

मोजे मात्र विसरायचे नाहीत. उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायीच्या अंगात असू शकतात, आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. उघड्या हाताने गोगलगाय उचलायची नाही आणि बागेतली पालेभाजी धुतल्याशिवाय खायची नाही, हे मी प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी सांगते.

सकाळी 7.00

नर्सरीत काम करणाऱ्या मावशी आल्या. आल्या आल्या त्यांनी झारी उचलली. पाणी घालायचं ते सकाळीच. संध्याकाळी घातलं की माती रात्रभर ओली राहते आणि गोगलगायींना आयती वाट मिळते. पावसाळ्यातही छपराखालच्या ट्रेना पाणी लागतंच, तेव्हा हा नियम बारा महिने पाळतो.

झेंडू, झिनिया आणि डेलियाच्या रोपांचे ट्रे लोखंडी घडवंचीवर ठेवलेत. घडवंचीचे चारही पाय पाण्याच्या वाटग्यांत आहेत. मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाचं पातेलं आपण परातीतल्या पाण्यात ठेवतो, तीच युक्ती. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी मावशी रोज बदलतात.

‘‘ताई, ह्यांनाच एवढं का जपायचं?’’ नवीन लागलेल्या मुलाने विचारलं.

‘‘कारण ही सगळ्यांना आवडतात,’’ मावशींनीच उत्तर दिलं. ‘‘आपल्यालाही आणि त्यांनाही.’’

मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यातच आमच्या धंद्याचं सगळं कोडं आहे. माणूस नर्सरीत येतो, फुललेलं रोप पाहतो, रंगावर भुलतो आणि घेऊन जातो. झेंडू, झिनिया, डेलिया. आठ दिवसांनी फोन येतो, ‘‘एका रात्रीत नुसता दांडा राहिला हो!’’ त्या माणसाने ते रोप दिवसा पाहिलेलं असतं आणि एकदाच पाहिलेलं असतं.

सकाळी 8.30

रोपांचा टेम्पो आला. उतरवून घेताना मी प्रत्येक जातीचं एक पान तोडून हातात घेते. नव्या मुलाला शेजारी उभं केलं आणि सांगितलं, आधी चोळून वास घे. मग अंगठा फिरवून पाहा. मग फाडून पाहा.

निर्गुडीचं पान चोळलं की नाकात झिणझिण्या येतात. असा उग्र वास म्हणजे पानात तेल आहे, आणि असल्या पानाला गोगलगाय सहसा तोंड लावत नाही. कढीपत्ता, पानओवा, रोझमेरी यांचंही तेच. पारिजातकाच्या पानावर अंगठा फिरवला तर पॉलिशपेपरवरून फिरवल्यासारखं वाटतं. गोगलगायीच्या मऊ पोटाला असला रस्ता नको असतो आणि तिच्या कानशीसारख्या जिभेला असलं पान नको असतं. एक्झोराचं पान जाड, चामट, वाकवलं तर कडकन आवाज करणारं. रुईचं पान फाडलं की चीक बोटाला चिकटतो. अडुळसा इतका कडू की शेळीसुद्धा त्याला सोडून पुढे जाते.

याउलट झेंडूचं कोवळं रोप, कोबीचं रोप, पपईचं रोप. मऊ, रसाळ, पातळ. पपई तर इतकी प्रिय की तिची पानं आम्ही गोणपाटाखाली आमिष म्हणून घालतो.

एक गोष्ट मुलाला बजावून सांगितली. जून झालेल्या झाडाचं पान राठ असलं तरी त्याचंच महिन्याभराचं रोप मऊ असतं. तुळस घ्या. मोठी झाली की आपली आपण राहते, पण चार पानांची असताना तिलाही घडवंचीवरच ठेवावं लागतं. रोप किती उंच झालं यापेक्षा त्याचा दांडा किती लाकडी झाला ते बघायचं.

टेम्पोवाल्या दादांना विचारलं, ‘‘काय फवारलंय यांच्यावर?’’ हा प्रश्न मी पूर्वी विचारत नसे. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून पेंटासची रोपं घेतली होती. भरघोस फुललेली, पानावर एक डाग नाही. एका घरी लावली आणि दोन दिवसांनी त्यांच्याखाली सातेरी माश्या मरून पडलेल्या दिसल्या. रोपांना इमिडाक्लोप्रिड दिलं होतं, हे चौकशी केल्यावर कळलं. ते औषध मुळांतून, पानांतून झाडाच्या रसात शिरतं आणि मधात, परागात उतरतं. युरोपीय महासंघाने 2018 साली या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. मधमाश्या याव्यात म्हणून ज्यांनी बाग लावली त्यांच्या दारात मीच विष नेऊन ठेवलं होतं. त्या दिवसापासून फवारणीचं नीट उत्तर मिळालं नाही तर माल परत जातो. आज उत्तर मिळालं: फक्त निंबोळी अर्क, तोही फुलं येण्याआधी. रोपं उतरवून घेतली.

सकाळी 11.00

कोथरूडमधल्या एका सोसायटीत आले. इमारतीच्या मागे वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद पट्टी आहे. तळमजल्यावरच्या आजींनी पाठपुरावा करून ती बागेसाठी मिळवली. मागच्या महिन्यात त्यांनी हौसेने झेंडूची चाळीस रोपं लावली आणि चार दिवसांत सगळी गेली. मग कोणीतरी गोगलगायीच्या विषाच्या गोळ्या टाकल्या. त्यातल्या काही वॉचमनकाकांच्या कुत्र्याने खाल्ल्या. वेळेवर डॉक्टरांकडे नेलं म्हणून ते वाचलं. मेटाल्डिहाइडच्या त्या गोळ्यांना कुत्र्यांना आवडणारा वास असतो आणि थोड्याशा गोळ्याही जिवावर बेततात. आजी अजून त्याबद्दल बोलताना थांबतात.

‘‘मला बाग हवी आहे गं, युद्ध नको,’’ त्या म्हणाल्या.

पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं. मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. ‘‘आजी, आता दहा मिनिटं काही करायचं नाही. नुसतं बघायचं.’’

शेजारच्या बंगल्यातली तुळस मंजिऱ्यांनी लगडली होती. तिच्यावर सातेरी माश्या होत्या, मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत घर करणारी आपली देशी मधमाशी. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं ते हिच्याच जिवावर. मंजिऱ्या खुडल्या की तुळस पानांनी दाटते म्हणून आपण त्या खुडत राहतो. मी सांगते, अर्ध्या खुडा आणि अर्ध्या ठेवा.

वांग्याच्या कुंडीजवळ वेगळाच आवाज येत होता. एक माशी जांभळ्या फुलाला उलटी लटकून थरथरत होती. तिच्या पोटावर निळे पट्टे होते. वांग्याचा पराग केसरांच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून, हलवल्यावरच बाहेर पडतो. ही निळ्या पट्ट्यांची माशी फूल धरून अंग थरथरवते आणि पराग झडतो. भुंगाही हे करू शकतो. मधमाशीला ते जमत नाही. वांगं धरत नाही म्हणून लोक खत वाढवतात, आणि ही माशी बागेत येते की नाही ते पाहत नाहीत.

एक्झोराच्या गुच्छावर फुलपाखरं होती. त्याच्या फुलाची नळी लांब आणि अरुंद. मध तळाशी असतो आणि तिथे फुलपाखराची सोंड पोचते. पेंटासचंही तसंच. पलीकडे भरगच्च पाकळ्यांची गुलाबी जास्वंद होती. दिसायला सगळ्यांत देखणी. दहा मिनिटांत तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या फुलात बरेचदा केसरांचीच पाकळ्या झालेल्या असतात, आणि जो थोडा पराग-मध उरतो तिथवर वाट सापडत नाही.

‘‘म्हणजे ती नुसतीच नटलेली,’’ आजी म्हणाल्या.

‘‘ती आपल्यासाठी ठेवू एखादी,’’ मी म्हटलं. ‘‘बाकी जागा पाच पाकळ्यांच्या साध्या जास्वंदीला देऊ. तिच्यावर शिंजीर येतात.’’

दुपारी 1.00

आजींच्या स्वयंपाकघरात भाकरी आणि अळूचं फदफदं खाऊन कागद पसरला. बागेचा आराखडा मी बारा चौकटींत करते, चैत्र ते फाल्गुन. कुठल्या महिन्यात कोण फुलतं ते त्या त्या चौकटीत लिहायचं. माश्यांना आठ दिवसांची मेजवानी उपयोगाची नाही, रोजची भाकरी लागते.

पावसाळ्यात तुळस, निर्गुडी, एक्झोरा, पेंटास. श्रावणापासून पुढे पारिजातक. दसरा-दिवाळीपासून कोरांटी, आणि थंडीत अडुळसा. त्याच्या पांढऱ्या फुलाचा जबडा उघडून आत शिरायला भुंग्यासारखा दणकट पाहुणा लागतो. उन्हाळ्यात कढीपत्ता. कोपऱ्यात शेवगा. कुंपणाला रुई, तिच्यावर भुंगे येतील आणि तिचा विषारी चीक पचवणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतील. घाणेरी मात्र लावायची नाही. फुलपाखरं तिच्यावर येतात, गोगलगाय तिला शिवत नाही, आमच्या दोन्ही कसोट्यांना ती उतरते. पण पक्षी तिच्या बिया डोंगरात नेतात आणि तिथे ती दुसरं काही उगवू देत नाही. आपल्या वीस फुटांची सोय बघताना सह्याद्री विसरून चालणार नाही.

आजींनी यादी वाचली आणि हळूच विचारलं, ‘‘झेंडू नाहीच का? दसऱ्याला दाराला घरचं तोरण बांधायचं होतं.’’

दसऱ्याचं तोरण विकतच्या फुलांचं करा, असं मी कोणाला सांगणार नाही. झेंडूची एक ओळ आखली. रोपं आमच्या घडवंचीवर पाच आठवडे वाढतील, दांडा जाड झाल्यावरच जमिनीत येतील. ओळ उन्हाच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीपासून दूर, कारण भिंतीच्या सांदीत गोगलगायी दिवस काढतात. एकेरी पाकळ्यांची निम्मी आणि तोरणाची गोंडेदार निम्मी.

‘‘भोवती अंड्याची टरफलं टाकू? मीठ?’’

‘‘मिठाने माती नासते. टरफलांचा उपयोग नाही.’’ ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तांब्याची पट्टी, अंड्याची टरफलं, जाडी खडी, लोकरीच्या गोळ्या, झाडाच्या सालीचं आच्छादन, असे पाच घरगुती उपाय तपासून 2018 साली निष्कर्ष सांगितला: एकाही उपायाने पानं खाण्यात फरक पडला नाही. आपली चिकण, ओली माती आणि आपला पाऊस, इथे तर टरफलं एका सरीत वाहून जातात. माझा भरवसा झाडाच्या पानावर, सकाळच्या पाण्यावर आणि गोणपाटावर.

दुपारी 3.30

लावणी. मुलाने खड्डे घेतले, वॉचमनकाकांनी शेणखत आणून दिलं. दोन झुडपांत हात-दीड हात अंतर ठेवलं. लोकांना बाग पहिल्याच दिवशी भरलेली हवी असते, पण दाटीत हवा खेळत नाही आणि ओल वाळत नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं ते खोडापासून वीतभर दूर. रिकाम्या कुंड्या, विटा, फुटक्या फरशा असा भिंतीलगतचा पसारा काढला. त्याच्याखाली अकरा गोगलगायी होत्या. वाळलेल्या आंब्याची एक जाड फांदी मात्र कोपऱ्यात मुद्दाम उभी केली. वाळक्या लाकडात भुंगा भोक पाडून घर करतो. फूल लावलं आणि घर काढून टाकलं, तर पाहुणा राहणार कुठे?

संध्याकाळी 6.15

उन्हं कलली. कामाचे हात धुऊन झाले. भिंतीपलीकडच्या झाडीतून भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज आला आणि आजींनी हात जोडले. भारद्वाज दिसणं शुभ, ही आपली जुनी समजूत. शंखी गोगलगाय फोडून खाणाऱ्या मोजक्या पक्ष्यांपैकी तो एक, त्यामुळे बागवाल्याला तर तो शुभच. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला आपण गर्दी करतो. त्या काजव्यांच्या अळ्याही गोगलगायी खाऊनच मोठ्या होतात. विष टाकलं की हे सगळे मदतनीसही जातात.

वाळलेल्या गवताच्या एका काडीवर निळ्या पट्ट्यांच्या चार माश्या ओळीने बसल्या होत्या. जबड्याने काडी पकडून, पाय आखडून. हे नर. ते रात्री असेच काडीला धरून झोपतात. मुलगा ते गवत उपटायला निघाला होता, तो दोन पावलं मागे सरला.

रात्री 9.00

मी नर्सरीवर परत गेले नाही. बागेची दुसरी पाहणी रात्रीच करावी लागते. आजी, त्यांचा आठ वर्षांचा नातू आणि मी, तिघं बॅटऱ्या घेऊन निघालो.

मांडवावरच्या दुधीची पांढरी फुलं आता उमलली होती. दिवसभर मिटलेली होती ती याच वेळेसाठी. एक पतंग फुलापुढे हवेत थांबून लांब सोंडेने मध घेत होता. बॅटरी विझवली तेव्हा पंखांची घरघर ऐकू आली. बंगल्यातला पारिजातक उमलायला लागला होता. त्याचा वास पट्टीवर उतरला होता.

मग खाली पाहिलं. शेजारच्या कुंडीतल्या डेलियावर त्या काळ्या, चपट्या, बिनशंखाच्या दोन होत्या. पानाची जाळी झालेली. आज लावलेल्या एक्झोराच्या खोडापर्यंत ओला चकाकता माग आला होता आणि तिथून वळून गेला होता. निर्गुडीपाशीही तसंच. नातवाने बॅटरीने तो माग शेवटपर्यंत शोधला आणि त्याच्या टोकाला गोगलगाय सापडली, तेव्हा त्याने ती मोजे घालून स्वतः बादलीत टाकली.

मी वही काढली. प्रत्येक झाडासमोर दोन रकाने असतात. पहिल्यात दिवसा फुलावर कोण आलं, दुसऱ्यात रात्री पानावर कोण आलं. एक्झोरा: दिवसा फुलपाखरं, रात्री कोणी नाही. डेलिया: दिवसा एक माशी, रात्री दोन गोगलगायी. असे दोन्ही रकाने भरले की कुठलं झाड लावावं हे विचारावं लागत नाही.

‘‘ही पण काढू?’’ नातू लिंबाच्या रोपाजवळून ओरडला. पान कडेने कुरतडलेलं होतं. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, काळी-पांढरी अळी होती.

‘‘नाही रे. हिला राहू दे.’’

ती मॉरमॉन कुळातल्या फुलपाखराची अळी असावी. ही फुलपाखरं लिंबाच्या, बेलाच्या, कढीपत्त्याच्या वर्गातल्या पानांवर अंडी घालतात, आणि लहानपणी त्यांच्या अळ्या शिटेचं सोंग घेऊन पक्ष्यांना चुकवतात. कुठली ते मोठी झाल्यावर कळेल. 2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला, आपल्या राणी पाकोळीला, राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात असं करणारं पहिलं राज्य. तीही लिंबाच्याच पानावर वाढते. सकाळी एक्झोरावर जे फुलपाखरू बघून आजींनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही आधी असंच कुठल्या तरी पानाला भोक पाडलं असणार.

नातू उकिडवा बसून अळीकडे बघत राहिला. आजींनी त्याच्यावर छत्री धरली, कारण भुरभुर सुरू झाली होती. मी बॅटरीच्या उजेडात शेवटची ओळ लिहिली.

लिंबू. दिवसा काही नाही. रात्री पान खाल्लेलं. अजून दोन लावावीत.